दोन बोटं पितळ

जानूतात्या कुणाच्याही घरी गेला की आधी भांडी वाजवून पाहायचा. पाण्याचा तांब्या पुढे आला की पाणी पिण्याआधी मधल्या बोटाच्या नखाने त्याच्या काठावर टिचकी मारायचा, कान जरा पुढे करायचा आणि निकाल द्यायचा. "चीर हाय." किंवा, "पातळ हाय. कुठनं घेतलात, महाडातनं?" किंवा नुसतंच "हं." हं म्हणजे बरं आहे असं नव्हे. हं म्हणजे बोलायच्या लायकीचं नाही. समई, देवघरातली घंटा, पूजेचा कलश, शाळेतली टोल द्यायची थाळी, त्याच्या नखातून काही सुटायचं नाही. एकदा माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाला, "ह्याला मार की टिचकी, मास्तरीण. येतो का आवाज?"

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात रुखवतावर एक पितळी हंडा मांडला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो स्वतः डोक्यावर घेऊन पोलादपूरहून घाट चढून वर आणला होता. मुलाकडची मंडळी दासगावची, जरा ताठ. तात्या मांडवात शिरला, मुठीत अक्षता, आणि जाता जाता त्याने हंड्याला टिचकी मारली. मग थांबून पुन्हा मारली.

"गळका हाय," तो म्हणाला. त्याला हळू बोलता येत नसे.

नवरदेवाची आत्या वळली. "काय म्हणालात?"

"मी नाय, हंडा म्हनतोय."

मग त्या आत्याबाईंनी भर मांडवात हंड्यात पाणी ओतायला लावलं. भटजी मुहूर्ताची आठवण करून देत होते आणि दोन्हीकडची माणसं हंड्याभोवती वाकून त्याच्या बुडाकडे पाहत होती. पाण्याचा थेंब बाहेर आला नाही. आबा घामाने भिजले होते. तात्या म्हणाला, "आज नाय गळनार. उद्या गळल." बहिणीला आता नातवंडं झाली. त्याच हंड्यात तिच्याकडे अजून आंघोळीचं पाणी तापतं. पण ती माहेरी आली आणि तात्या वाटेत भेटला की त्याचा पहिला प्रश्न असायचा, "गळाया लागला का गो?"

तात्या या पावसाळ्यात गेला. आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाने माझ्याकडे त्याच्यावर एक पान मागितलं. मी महाडच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे गावात कुणी गेलं की असं पान माझ्याकडे येतं. मंडळाला काय हवं ते मला माहीत होतं: देवाच्या सेवेत आयुष्य वेचलेला, हाडाचा कलावंत, मनाने निर्मळ. मी दोनदा बसले आणि दोनदा उठले. तो मनाने निर्मळ नव्हता. तो माझ्या वडिलांचा चुलतभाऊ होता आणि त्याच्या तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणत असे, पण लिहायला बसले की 'ते' हा शब्द हातून उमटत नाही. म्हणून मंडळाला नकार कळवला, आणि हे लिहिते आहे.

आमचं गाव पोलादपूरच्या वर डोंगरात आहे. खाली ओढ्याकाठी भैरीचं देऊळ आणि खालची वाडी, वर चढणीला आमची वरची वाडी. देवळात दोन कर्णे आहेत. कर्णा म्हणजे माणसाहून लांब, सरळ पितळी नळी. एका टोकाला ओठ टेकवायची वाटी, दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखं उघडलेलं तोंड. मधे भोकं नाहीत, कळा नाहीत. माणसाचा श्वास आणि ओठ, एवढ्यावर ते वाजतं. ते कुणी घडवले, कधी घडवले, गावात कुणाला माहीत नाही. नळीवर हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा आहेत, उन्हात धरलं की दिसतात. वाजवायचा मान आमच्या भावकीतल्या दोन घरांचा. एक कर्णा आबांचा, एक तात्याचा.

शिमग्यात पालखी देवळातून निघाली की दोघे पायरीवर उभे राहून कर्णे आभाळाकडे उचलायचे. दोन्ही एकदम वाजले की त्या आवाजात एक हेलकावा असायचा. आवाज मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा, जसा पाळणा हलतो तसा. तो दरीतून वर यायचा आणि आमच्या अंगणात बायका म्हणायच्या, "देव झुलला." मग लगबग सुरू व्हायची. उंबऱ्यावर रांगोळी, ताटात निरांजन, मानकऱ्यांना द्यायच्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. पालखी चढण चढून येईतो सगळं तयार असे. घड्याळाकडे कुणी बघत नसे.

तात्याची उमेदीची वर्षं मुंबईत गेली. लग्नाच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात तो होता. वाकलेली तुतारी सरळ करणं, फुटलेल्या भोंग्याला डाक लावणं, म्हणजे पितळ वितळवून सांधणं, हे तो करायचा, आणि ते तो चांगलं करायचा हे मी नाकारत नाही. शिमग्याला मात्र न चुकता यायचा. कारखाना बंद झाल्यावर तो गावी आला तो एक सवय घेऊन. जुन्या बाजाच्या पेटीतून काढलेला एक पितळी सूर, बोटाएवढी पट्टी, सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. कुठे गाणंबजावणं चाललं असलं की ती ओठांत धरून फुंकायचा आणि गाणाऱ्याकडे बघायचा.

गणपतीत आमच्याकडे शिवथरच्या खोऱ्यातलं एक भजनी मंडळ आलं होतं. बुवा वयस्कर, गळा थकलेला. गवळण रंगात आली आणि कोपऱ्यातून ती पट्टी वाजली. पीं. बुवांनी दुर्लक्ष केलं. पुन्हा पीं. बुवांनी टाळ खाली ठेवले.

"काय चाललंय पाव्हणं?"

"तुमी हितं हाव," तात्याने जमिनीपासून वीतभर हात धरला, "आन सूर हितं हाय." हात वर नेला. "चढा की जरा. जिना देऊ का?"

मंडळ जेवायला थांबलं नाही. आरतीही आमच्याच माणसांनी कशीबशी म्हटली. तात्या मात्र पोटभर जेवला आणि जाताना वाढपाच्या पातेल्यालाही टिचकी मारून गेला.

आबा आणि तो एकमेकांशी बोलत नसत. वर्षातून एकदा खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि पालखी देवळात परत आली की पाठ फिरवायचे. कारण सगळ्या गावाला माहीत होतं, कारण तात्याच ते सांगत फिरायचा. "ह्याच्या ओठात जोर नाय. ढिला फुंकतो. मी वरचा सूर धरतो आन हा मला खाली वढतो. मुडद्याबरूबर चालल्यासारखं वाटतं." पालखी गावात फिरत असताना, मानकरी उन्हात बसलेले असताना, बायका पाणी देत असताना, तो हे आबांच्या समोर म्हणायचा. शेवटचा कर्णा झाला की थुंकायचा आणि म्हणायचा, "औंदा परत ढिला."

आबा उलटून बोलणारे नव्हते. "त्याचा कान मुंबईचा हाय," एवढंच म्हणायचे आणि हसायचे. मला वाटायचं त्यांना काही लागत नाही. पण माघ सरत आला की ते गोठ्यामागे जाऊन पाइपचा तुकडा फुंकत बसायचे. ओठ आवळून आवळून, गालांच्या शिरा फुगेपर्यंत. म्हशी बिचकायच्या. एकदा मी घरी असताना त्यांनी आईला विचारलेलं ऐकलं. ते तिच्याकडे पाहत नव्हते, नांगराच्या फाळाकडे पाहत होते.

"मी खराच ढिला फुंकतो का गो?"

आई म्हणाली, "मला वर ऐकू येतं की सगळं. देव झुलतो. अजून काय पायजे?"

"ते खरं," आबा म्हणाले. पण पुढल्या दिवशी पुन्हा गोठ्यामागे गेले.

एका उन्हाळ्याच्या शेवटी मोठं वादळ झालं. आमच्या बाजूला घरंच्या घरं उघडी पडली. देवळाचे पत्रे उडाले आणि माळ्याची तुळई कर्ण्यांवर पडली. तात्याच्या कर्ण्याचा सांधा उकलला. आबांच्या कर्ण्याची मधली नळी चेपून सपाट झाली, भाजलेल्या वांग्यासारखी. आबा तेव्हा आजारीच होते. त्याच थंडीत ते महाडच्या दवाखान्यात वारले. शेवटच्या दिवसांत त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी मी उशाशी बसले असताना त्यांनी ओठांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आजून थोडं आवळाया पायजे व्हतं." मी विचारलं, काय आबा? ते म्हणाले, काय नाय.

हे मी तात्याच्या नावावर मांडते. माणूस मरताना ओठांची लाज बाळगत गेला.

त्यानंतरचा शिमगा कर्ण्यांविना गेला, मग मंडळाची बैठक झाली. मुंबईकर म्हणाले, नवे कर्णे आणू, हलके मिळतात, चकचकीत मिळतात. तात्या उठून उभा राहिला. "नवा कर्णा गावात आनलात तर वाकवून तुमच्याच गळ्यात घालीन." कुणी वाद घातला नाही. त्याने दोन्ही कर्णे उचलून आपल्या पडवीत नेले, भाता मांडला आणि पावसाळाभर पडवीत कुणालाही उभं केलं नाही. शेजारचा माणूस छत्री मागायला गेला तर हातोडी घेऊन अंगावर आला. गावकऱ्यांनी मदतीला धाडलेल्या दोघांना त्याने एका दिवसात परत पाठवलं. एकाचे हात घामट म्हणून, दुसरा शिट्टी वाजवतो म्हणून.

मला त्याने येऊ दिलं. का, ते मला सांगता येत नाही. कदाचित मी बोलत नव्हते म्हणून. रविवारी मी महाडहून आईकडे यायचे आणि वर जाण्याआधी त्याच्या पडवीच्या कठड्याला टेकून उभी राहायचे. आबांच्या कर्ण्याचं काय होतं, हे मला पाहायचं होतं.

काम तो सावकाश करायचा. चेपलेली नळी उकलून लाल होईस्तोवर तापवायची, पाण्यात बुडवायची, मग एका लोखंडी सळईवर चढवून लाकडी हातोडीने टकटक, टकटक. प्रत्येक ठोक्यानंतर नळी फिरवायची, केसभर. जुन्या सांध्याला टाकणखार लावायचा, पितळेचा चुरा भरायचा आणि फुंकणीने जाळ नेमका तिथेच न्यायचा. चिंच आणि राखेने घासून नळी उजेडात धरायची. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावरचा राग थोडा वेळ जायचा. मग मी दिसले की परत यायचा.

"आबांचा कर्णा किती राहिला?" मी एकदा विचारलं.

"आबांचा? देवाचा हाय. तुझा बापूस नुसता फुंकायचा."

दिवाळीच्या सुमाराला दोन्ही तयार झाले. त्या रविवारी मी गेले तेव्हा तो पडवीत उभा होता. आधी त्याने आपला कर्णा वाजवला. खिशातली पट्टी फुंकून पाहिली, मान हलवली. मग आबांचा घेतला. ओठ आवळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि सूर आला तो जरा खाली. त्याने पुन्हा वाजवला. पुन्हा खाली. आता फुंकणारे आबा नव्हते, तो स्वतः होता. त्याचे ओठ होते, ज्यांत जोर होता.

त्याने दोन्ही कर्णे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, वाट्यांची टोकं भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन उकिडवा बसला. आबांचा कर्णा लांब होता. फार नाही, दोन बोटं. इतका लांब कर्णा त्याहून वर वाजूच शकत नाही. ओठ फाटले तरी नाही. हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी नंतर नीट समजावून सांगितलं, पण त्या पडवीत ते समजायला सरांची गरज नव्हती.

"तात्या," मी म्हणाले, "म्हणजे आबा ढिला फुंकत नव्हते."

तो उठून भिंतीपाशी गेला आणि दोन्ही वाट्या नीट टेकल्यात का ते बोटाने चाचपून पाहिलं.

"भिंत वाकडी हाय," तो म्हणाला.

मग उठून त्याने कर्ण्यांची अदलाबदल केली. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. फरक तेवढाच. आबांचा बाजूला करून ठेवला, पुन्हा आणला, पुन्हा टेकवला. शेवटी तो सरळ झाला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चा घेतेस?" त्याच्या घरी मला चहा कधी कुणी विचारला नव्हता. मी नको म्हणाले आणि चढण चढले.

मला वाटलं होतं, तो येईल. आमचं घर त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर नाही, पण एवढं दूरही नाही. आई अंगणात बसलेली असते. येऊन वाक्यभर बोलला असता तरी पुरे होतं, आणि वाक्यही सुबक असायची गरज नव्हती. त्याऐवजी त्याने करवत उचलली.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा दोन्ही कर्णे भिंतीला टेकून बरोबर एकसारखे पडले होते. आबांच्या कर्ण्याच्या मधल्या नळीतून त्याने दोन बोटं पितळ कापून काढलं होतं आणि सांधा असा बेमालूम जुळवला होता की कुठे कापलं ते दिसत नव्हतं.

"तुकडा कुठे आहे?" मी विचारलं.

"वितळवला. त्याचाच डाक केला."

"कुणाला विचारून?"

"सुराला," तात्या म्हणाला. "आता बरूबर हाय. पयल्यांदा बरूबर हाय."

त्या शिमग्याला आबांचा कर्णा माझ्या चुलतभावाकडे, सुरेशकडे आला. तो मुंबईत कुरियरच्या कंपनीत आहे. छाती चांगली, डोकं गरम. मी वर आईजवळ होते. सुरेशची आई, आमची काकी, अंगण सारवून नुकतीच बसली होती. खाली देवळाकडून आवाज आला. मोठा, सरळ, एका रेघेसारखा. कुठे वर नाही, कुठे खाली नाही. पुन्हा आला. काकी म्हणाली, "हायवेचे ट्रक आता दरीत पण वाजाया लागले." आईनेही मान वर केली नाही. मीही केली नाही, हे सांगायला हवं. मुंबई-गोव्याच्या रस्त्यावर रात्रंदिवस असेच भोंगे वाजतात, वारा फिरला की ते वर येतात.

पालखी चढण चढून अंगणात आली तेव्हा उंबऱ्यावर रांगोळी नव्हती. ताट नव्हतं. काकीच्या हाताला शेण होतं. अख्ख्या वाडीत एकही दार तयार नव्हतं. पालखीचे भोई उभे राहिले, ढोलवाला थांबला, आणि काकी रडायलाच लागली. "देव दारात आला आन मी हात घेऊन उभी! वाजला कुठं? कर्णा वाजला कुठं?"

"एवढा वाजवला की आई," सुरेश म्हणाला.

"तो व्हय? तो ट्रक व्हता!"

कुणीतरी हसलं. पालखीपुढे हसू नये, पण हसलं, आणि ते सगळीकडे पसरलं. तात्या कर्णा खांद्याला लावून उभा होता. तो हसला नाही. आई दारातून बाहेर आली, पालखीला हात जोडले आणि शांतपणे, कुणाकडे न बघता म्हणाली, "देव झुलला नाय."

त्या दिवसापासून खालच्या वाडीतली पोरं तात्याला बघून तोंडाने ट्रकचा भोंगा वाजवायची. तो दगड मारायचा. त्या दोन बोटांच्या फरकातूनच देव झुलायचा, हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि बैठकीत सगळे त्याच्यावर तुटून पडले. सुरेश म्हणाला, "तात्या, कापलंय तेवढं परत लाव. पितळच हाय ना? महाडात मिळतं."

"बरूबर केलेलं परत चूक करू?"

"चूक तर चूक. आमाला तीच पायजे."

"मंग बेसुऱ्यांनो, टेप लावा. टेप लावून नाचवा देव." आणि तो बाहेर पडला. त्यानंतर वर्षभर गावात कुणी त्याच्या पडवीसमोरून गेलं नाही. त्याला कुणी कार्याला बोलावलं नाही. त्याने कुणाच्या तांब्याला टिचकी मारली नाही, कारण त्याच्यापुढे कुणी तांब्या धरला नाही. मलाही त्याची दया आली नाही. त्याच्या हाताला ते काम अर्ध्या दिवसाचं होतं. भाता होता, टाकणखार होता, हात अजून थरथरत नव्हते. पण कापलेल्या जागी नव्या पितळेचं कडं बसवलं की ते रंगाने दिसणार. येणारा जाणारा विचारणार, हे काय? आणि कुणीतरी सांगणार, हे जानूने कापलं होतं, आणि मग परत जोडलं. तेवढं त्याच्याने झालं नाही. ते कडं तो शेवटपर्यंत बसवू शकला नाही. आबांचा कर्णा आजही तोकडाच आहे. सुरेश आणि आता तात्याच्या जागी उभा राहील तो जोडीदार वाजवतील तेव्हा आवाज तसाच येईल, सरळ, एका रेघेसारखा. येत्या शिमग्याला आमच्या अंगणात पुन्हा ट्रकच वाजणार. हे सगळं लिहून झाल्यावरही माझा त्याच्यावरचा राग कमी झालेला नाही.

पण मी त्याला शेवटचं पाहिलं ते सांगायला हवं. ते गेल्या शिमग्यात.

दुपार कलली होती. मी आणि आई अंगणात चिंचा फोडत होतो. या खेपेला काकीने सकाळीच रांगोळी काढून ठेवली होती, भरवसा नको म्हणून. खालून कर्णा वाजला. आईचा हात थांबला. आवाज मोठा झाला, बारीक झाला, आणि पुन्हा मोठा झाला. कच्चा होता, मधेच तुटत होता, सावरत होता, पण हलत होता. वरच्या घरातून कुणीतरी ओरडलं. दारं उघडायला लागली. आईने चिंचांची टोपली बाजूला सारली आणि आत जाऊन खोबऱ्याच्या वाट्या आणल्या. मला वाटलं, तात्याने कडं बसवलं. त्या वेळी मी त्याला जवळजवळ माफ केलं होतं.

पालखी आली तेव्हा कळलं. सुरेशच्या हातात तात्याचा कर्णा होता आणि तात्याच्या हातात आबांचा. देवळाच्या पायरीवर त्याने तो सुरेशच्या हातून हिसकावून घेतला होता, म्हणाला, "आन हिकडं. तू माजा घे." सुरेशला वाटलं, हा चारचौघांत आपला अपमान करतोय. अंगणात दोघांनी पुन्हा वाजवलं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो ओठ सैल सोडत होता. मुद्दाम. खालचा ओठ लोंबल्यासारखा करून सूर खाली दाबत होता, दोन बोटांएवढाच, त्याहून जास्त नाही. तोकड्या नळीतून सूर खाली येत नाही, तो वर उसळतो. तो दाबून धरायला त्याला फार कष्ट पडत होते. डोळे लाल झाले होते, लाळ हनुवटीवरून सदऱ्यावर गळत होती, आणि एकेक श्वास संपला की तो कर्ण्याला धरून वाकायचा. नळीत कुठे नवं कडं नव्हतं. जे काही होतं ते तोंडाने चाललं होतं, वाजणं थांबलं की पुसलं जाणारं.

काकी ताट घेऊन पुढे झाली. तिचे डोळे भरले होते. "भावजी, आज देव झुलला हो."

"झुलतोय कसला!" तात्या खेकसला. "दात पडल्येत माजे. हवा जाते."

मग आई पुढे आली. मानकऱ्यांच्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवत ठेवत ती त्याच्यापर्यंत पोचली. आबा गेल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. वाटी त्याच्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, "भावजी, ढिलं फुंकलात आज."

मला वाटलं, आता तात्या काहीतरी घाण बोलेल. भोई निघायची वाट बघत होते. त्याने सदऱ्याच्या बाहीने हनुवटी पुसली, कर्णा खांद्यावर टाकला.

"सांगितलं ना वयनी," तो म्हणाला, "दात नायत."

आणि पालखीच्या पुढे होऊन वरच्या घरांच्या वाटेला लागला. चालता चालता त्याने ती सुकी खोबऱ्याची वाटी दाढेखाली धरून फोडली. कडाड्दिशी आवाज झाला, तो ढोल सुरू व्हायच्या आधी सगळ्या अंगणाने ऐकला.